विषातले विष शोधायलाच हवे

वाइनमधले शिसे, आर्सेनिक, कॅडमियम प्रयोगशाळेत तपासले पाहिजे म्हटले, की हटकून प्रतिप्रश्न येतो: दारू मुळातच विष, त्यात आणखी कसले विष शोधता? २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत वाइन विकायला संमती दिली, तेव्हाही वाद पेटला तो विकावी की विकू नये यावरच. बाटलीत नेमके काय असते, हा प्रश्न मागेच पडला.

दारू घातक आहे, हे मला मान्यच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे आणि त्यापायी माणसे मेली आहेत. १९०० साली मँचेस्टर परिसरात बिअर पिणाऱ्यांचे हातपाय बधिर पडू लागले. दारूने नसा गेल्या, असे निदान होत राहिले आणि रोगी वाढत राहिले. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी बिअरच तपासली, तर तीत आर्सेनिक निघाले! बिअरसाठीची साखर बनवताना वापरलेल्या गंधकाम्लातून ते आले होते. सहा हजारांवर लोक बाधित झाले, सत्तरच्या आसपास दगावले. ‘दारूच विष’ या समजुतीनेच खरे विष झाकून ठेवले होते.

खराब माल जिभेला कळतो, असेही सांगतात. शिशाचे क्षार तर गोड लागतात. रोमन लोक शिशाच्या भांड्यांत आटवलेला द्राक्षरस वाइनमध्ये घालत. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर जीव गेले, तेव्हा मिथेनॉल कोणाच्या जिभेला कळले? मिथेनॉल दोन-चार दिवसांत मारते म्हणून त्याची बातमी होते. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठत राहते.

उरला यंत्र फसते हा आक्षेप, आणि तो निम्मा खरा आहे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने आर्सेनिकाची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम ठरवली आहे. धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारे आयसीपी-एमएस यंत्र त्याच्या कितीतरी खालचे मोजते. मात्र यंत्रातला आर्गॉन नमुन्यातल्या क्लोरीनशी जुळला, की त्या कणाचे वस्तुमान आर्सेनिकाइतकेच, ७५ भरते आणि नसलेले आर्सेनिक दिसू लागते. म्हणून तर हा अडथळा काढून टाकायचा, वाइन नायट्रिक आम्लात पचवायची, सोबत वाइनविना कोरा नमुना चालवायचा, ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळून ती पुरती परत मिळते का हे पाहायचे. यंत्र फसू शकते, एवढ्याने तपासणी काटेकोर करण्याची गरज सिद्ध होते. तपासणीच नको, हे नव्हे.

आमच्या अंबाजोगाईला याचे काय? येथे १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. महागडे यंत्र याच गावात असले पाहिजे, असा माझा हट्ट नाही. नमुना दूरच्या प्रयोगशाळेतही जाऊ शकतो. शंका मात्र इथल्याच ओपीडीत यावी लागते. पायांना मुंग्या येतात म्हणून पिणारा माणूस आला, तर ‘दारू सोडा’ हा सल्ला द्यावाच. पण कारण स्पष्ट होत नसेल, किंवा एकाच ठिकाणची दारू पिणारे अनेक जण तीच तक्रार घेऊन येत असतील, तर रक्तातले शिसे, लघवीतले आर्सेनिक आणि घरी उरलेली बाटली, तिन्ही तपासायला पाठवावे.