योगशिबिर आणि शिक्षकाचे दायित्व

देवळाच्या सभामंडपात एका दिवसाचे योगशिबिर भरवण्यास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा कागदावर सही घेऊन निर्धास्त होणाऱ्या शिक्षकाला. वकील या नात्याने सांगतो की, त्या सहीने सावधगिरीचे कर्तव्य संपत नाही. ज्याला धोका समजावून सांगितलाच नाही, त्याची संमती ती कसली?

काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असलेल्यास शीर्षासन घातक ठरू शकते. म्हणून नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकाची प्रकृती विचारावी. जितक्यांवर लक्ष ठेवता येईल तितक्यांनाच प्रवेश द्यावा. आसने सकाळी रिकाम्या पोटी घ्यावीत आणि महाप्रसादानंतर केवळ श्रवण व चर्चा ठेवावी.

'इतकी चौकशी केली तर माणसे येणार नाहीत,' असे कोणी म्हणेल. न येवोत! स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचे शरीरावरील परिणाम शास्त्रीय कसोटीवर तपासले. श्रद्धेला परीक्षेचे वावडे नसते, हाच त्याचा अर्थ. देवाच्या दारी आलेला माणूस धडधाकट घरी परतावा, एवढी हमी ज्याला देववत नाही, त्याने शिबिर भरवू नये.