परीटघडी कुणाची? शुभ्र कपड्यांच्या इतिहासातून गाळलेला माणूस

१/ धुऊन, खळ देऊन, इस्त्री होऊन आलेल्या कपड्याची न मोडलेली घडी म्हणजे परीटघडी. मराठीत हा शब्द स्तुतीचा आहे. पण स्तुती होते ती कपडे घालणाऱ्याची. ज्याच्या हातून ती घडी पडली, तो परीट भाषेत उरला आणि इतिहासातून गळाला. तो कसा गळाला आणि कुणी गाळला, याविषयीचा हा थ्रेड.

२/ पांढऱ्या कपड्यांचा इतिहास समाजमाध्यमांवर दोन साच्यांत सांगितला जातो. पहिला: साबण इंग्रजांनी आणला, तोवर हा देश मळकट होता. दुसरा: पूर्वजांना सारे ठाऊक होते, इंग्रजांनी ते बुडवले. दोन्ही साचे चुकीचे आहेत आणि दोहोंची चूक एकच आहे. पहिल्यात श्रेय कंपनीला जाते, दुसऱ्यात ‘पूर्वज’ नावाच्या धूसर समूहाला. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ते कुणीच देत नाही.

३/ आधी पहिला साचा. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली, हे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौटिलीय अर्थशास्त्रात धोब्यांसाठी नियम आहेत: कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावेत; गिऱ्हाइकाचा कपडा विकला, भाड्याने दिला वा गहाण टाकला तर १२ पण दंड. तिथेच शुभ्रतेच्या चार प्रती सांगून प्रत्येकीसाठी मुदत ठरवली आहे. कळीसारखा पांढरा ही त्यांतली एक प्रत. जिथे पांढऱ्याच्याही प्रती मोजल्या जातात, तिथे पांढरे करण्याची विद्या आधीच मुरलेली असते.

४/ सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये भडोचविषयी लिहितो. मोगल मुलखाच्या दूरदूरच्या भागांतून सुती कापड शुभ्र करण्यासाठी तिथे येई. नदीचे पाणी, कापड पसरायला मोकळी जागा आणि लिंबांची विपुलता ही त्याची कारणे. लिंबाच्या पाण्यातून काढल्याशिवाय कापडाला खरा पांढरेपणा येत नाही, असे त्याने नोंदवले आहे. युरोपातल्या व्यापारी कंपन्या हे कापड विकत घेऊन मायदेशी नेत होत्या. शुभ्रता तेव्हा इथून निर्यात होत होती.

५/ साबणाचेही तसेच. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाडातल्या लोणारचा उल्लेख आहे, तो काच आणि साबण यांना लागणारा माल पुरवणारा प्रदेश म्हणून. लोणारच्या खाऱ्या सरोवरातला सोडा हा तो माल. ‘साबण’ हा शब्दही मराठीत इंग्रजीतून आलेला नाही.

६/ त्याच काळात युरोपात काय होते? तिथे लिननचे कापड राखेच्या खाराने उकळून, आंबट ताकात भिजवून कुरणावर पसरत. पांढरे व्हायला कित्येक महिने लागत. हा वेळ आटला तो फ्रान्समध्ये बर्थोलेने १७८५ च्या सुमारास क्लोरीन वापरल्यावर आणि १७९९ मध्ये टेनंटने ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतल्यावर. म्हणजे ‘मळकट देशाला उजळ करणारा गोरा साहेब’ हे चित्र इतिहासाचे नसून जाहिरातीचे आहे.

७/ इथवर वाचून दुसऱ्या साच्याचे भक्त सुखावले असतील. त्यांना प्रश्न एवढाच: ‘पूर्वजांना ठाऊक होते’, पण कोणत्या पूर्वजांना? कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, उकळत्या हंड्याच्या तोंडावर रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची, ही भट्टी लावणे वाड्यातल्या पंडिताला येत नव्हते, परटाला येत होते. खार आणि वाफ यांमुळे तेलकट मळाचा कपड्यातच साबण होतो. मग दगडावर आपटून तो बाहेर काढायचा, पिळायचे, उन्हात पसरायचे, वाळत आला की पुन्हा पाणी मारायचे. उरलेला पिवळेपणा ऊन खाते.

८/ नीळ मळ काढत नाही. पिवळसर झाकेवर निळी छटा चढली की डोळ्याला कपडा अधिक पांढरा दिसतो. प्रमाण चुकले तर सारा कपडा निळा. भाताच्या पेजेची खळ किती दाट हवी, रेशमाला खार न लावता रिठाच का वापरायचा, हे सारे हाताला ठाऊक असावे लागे. शिवाय हिशेब वेगळाच: शेकडो कपडे एकत्र धुऊन ज्याचे त्याला परत द्यायचे, म्हणून बिब्ब्याच्या तेलाने कोपऱ्यात खूण घातली जाई. ती कितीही धुतली तरी जात नसे. ही रसायनविद्याही आहे आणि दप्तरही. ते दप्तर कागदावर नव्हते, म्हणून ते ज्ञान नव्हते असे ठरले.

९/ मोबदला काय मिळाला? गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावरचे धान्य घ्यायचे. सुतक-विटाळाचे कपडेही त्यानेच धुवायचे. आणि मग त्याच्याच हातून शुभ्र होऊन आलेला कपडा सोवळ्यात चालत नसे. घरात पुन्हा पाण्यातून काढावा लागे. मळ काढणारा हात मळका ठरवण्याची ही रीत इंग्रजांनी आणलेली नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्याने ही नोंदही त्याच खात्यात लिहावी.

१०/ इंग्रजांनी त्यात थट्टेची भर घातली. साताऱ्यात जन्मलेल्या ई. एच. एटकेनने ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात धोबी रंगवला आहे तो काळ्या दगडावर साहेबाच्या कपड्यांची दैना करणारा म्हणून. आपटण्याने कापड झिजते, हे खरेच. पण ही रीत धोतर, लुगडे, पागोटे अशा न शिवलेल्या लांब वस्त्राला सोसते. गुंड्या आणि ताठ कॉलर यांच्यासाठी ती नव्हतीच. हा फरक समजून न घेता साहेब हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच धोब्याकडून आलेला पांढरा सदरा घालून कचेरीत गेला.

११/ पुढचा टप्पा डब्यांचा. १९५९ मध्ये सर्फ आली, १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू झाली. पावडरीने धुणे स्वस्त आणि सोपे केले, यात वाद नाही. पण आजच्या पावडरींत शुभ्रतेसाठी घातलेले उजळक द्रव्यही मळ काढत नाही. निळ्या प्रकाशाने पिवळेपणा झाकते. म्हणजे परटाच्या निळीचीच युक्ती. बदलले एवढेच, की घरोघरी हे श्रम बाईच्या माथी आले आणि जाहिरातीत ‘चमत्कार’ पावडरीच्या नावावर जमा झाला. गाळलेल्या माणसाच्या जागी दुसरे माणूस गाळले गेले.

१२/ मुंबईत धोबी तलावाचे नाव राहिले, तलाव बुजला. महालक्ष्मीच्या धोबी घाटावर अजून हौद आणि दगड आहेत. पुलावरून त्यांची छायाचित्रे रोज काढली जातात. स्वातंत्र्यलढ्यातल्या पांढऱ्या खादीविषयी लिहिताना सूत कातणारा आठवतो, विणकरही क्वचित आठवतो; धुणाऱ्याला एक ओळही मिळत नाही. १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. राज्याने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, हे योग्यच झाले. पण ज्या घरात ते जन्मले त्या घराच्या विद्येचा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

१३/ यावर ‘प्रत्येक गोष्टीत जात कशाला?’ असा प्रश्न येईल. उत्तर साधे आहे: हे काम जातीनेच वाटून दिले होते. काम वाटताना जात मोजली आणि श्रेय वाटताना ती विसरली, तर त्याला उदारपणा म्हणत नाहीत.

१४/ तरुण अभ्यासकांसाठी इथे काम भरपूर आहे. बलुत्याच्या नोंदी, घरखर्चाच्या वह्यांतला धुलाईचा हिशेब, जुन्या वस्त्रांच्या कोपऱ्यातल्या बिब्ब्याच्या खुणा, घाटावरच्या वृद्धांच्या आठवणी ही सारी साधने आहेत. यांतल्या आठवणी सर्वांत आधी संपणार आहेत. पेशव्यांच्या अंगरख्याविषयी किंवा पुढाऱ्याच्या खादीविषयी पुढचा थ्रेड लिहिताना कापड कुठले, शिवले कुणी, हे जरूर सांगावे. त्यापुढे एक प्रश्न आणखी विचारावा: धुतले कुणी, आणि त्याला त्याचे काय मिळाले?