ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग घरी, मिस्त्रीकडे की शोरूमला? जीएसटी उतरला, पण खरा हिशेब वेगळाच

बोरी अरब (ता. दारव्हा) : सोयाबीन निघालं, आता हरभरा अन् गव्हाच्या पेरणीसाठी ट्रॅक्टर वावरात उतरले आहेत. यंदा अतिवृष्टीनं जिल्ह्यातल्या खरिपाचं कंबरडं मोडलं. हातात पैसा कमी, त्यामुळं पहिली काटछाट गाडीच्या देखभालीवर होते. "शोरूमला नेलं की बिल फुगते, घरीच ऑइल बदलून टाकू," असं गावोगावी ऐकू येतं. दुसरीकडं, ज्यांची गाडी ऐन पेरणीत उभी राहिली ते म्हणतात, "दोन पैसे जास्त गेले असते तरी परवडलं असतं." दोघांचंही बरोबर आहे. प्रश्न इतकाच, की कोणतं काम कोणाच्या हातात द्यायचं.

स्वस्ताई आली, पण कुठं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ४५ एचपीच्या गाडीमागं साधारण ४५ हजार रुपये वाचतील, असं केंद्र सरकारनं सांगितलं. पण दारव्हा तालुक्यातले बहुतेक शेतकरी यंदा नवी गाडी घ्यायच्या स्थितीत नाहीत. त्यांच्या कामाची बातमी दुसरी आहे. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब, हायड्रॉलिक पंप, क्लच असेंब्ली, रेडिएटर, ब्रेक, गिअर बॉक्स अशा ठरावीक सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून १० हजारांचा भाग असेल तर आधी १,८०० रुपये कर लागायचा, आता ५००. म्हणजे एकाच भागामागं १,३०० रुपये वाचले.

मात्र इंजिन ऑइलवरचा कर १८ टक्केच आहे. शोरूमच्या मजुरीवरही १८ टक्केच. म्हणजे नेहमीच्या सर्व्हिसिंगचं बिल फारसं उतरलं नाही, मोठ्या दुरुस्तीचं उतरायला पाहिजे. म्हणून बिल घेताना भाग, ऑइल आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागावी. या यादीतल्या भागावर कोणी जुन्या दरानं कर लावत असेल तर तिथंच विचारता येतं. कच्च्या चिठ्ठीवर हे काहीच दिसत नाही.

घरी काय करावं?

डिझेल इंजिन बिघडायची कारणं बहुतेक वेळा साधी असतात : धूळ, पाणी, कमी ऑइल आणि उशीर. ही चारही घरच्या माणसाच्या हातातली आहेत.

रोज सकाळी सेल मारायच्या आधी डीपस्टिक काढून ऑइल पाहणं, रेडिएटरचं पाणी पाहणं (गाडी थंड असतानाच, गरम झाकण उघडून अनेकांची तोंडं भाजली आहेत), ग्रीस निपलला पंप मारणं, फॅन बेल्ट दाबून पाहणं, याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एअर क्लीनर हे आपल्या भागातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. उन्हाळ्यात रोटाव्हेटर चालतो तेव्हा काळ्या मातीची धूळ इतकी उडते, की ऑइल बाथ क्लीनरमधलं ऑइल थोड्याच दिवसांत चिखलासारखं होतं. ते साफ नसलं तर धूळ थेट लायनर-पिस्टनवर जाते, अन् मग गाडी काळा धूर टाकते, ऑइल पिते. काही शे रुपयांचं काम टाळून इंजिन खोलायची पाळी येते ती अशी.

वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीचं इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर बदलणंही घरी जमतं. बऱ्याच मॉडेलला ते २५० तासांनी बदलायला सांगितलेलं असतं. नक्की किती तास अन् कोणत्या ग्रेडचं ऑइल, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. इथं दोन गोष्टी चुकतात. एक, मीटर बंद पडलेलं असतं, त्यामुळं किती तास झाले हेच कळत नाही. दुसरं, स्वस्त डुप्लिकेट फिल्टर बसवला जातो. फिल्टरमध्ये शंभर-दोनशे रुपये वाचवून पंप अन् नोझल धोक्यात घालणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा काढायची असते, नाही तर गाडी सुरूच होत नाही अन् सेल मारून मारून बॅटरी उतरते.

मिस्त्रीचं काम, शोरूमचं काम

क्लच प्लेट, ब्रेक, सेल्फ, डायनामो, लिफ्टचं सील ही कामं गावचा चांगला मिस्त्री करतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे तो वावरात येतो. पेरणीला ओल चार-सहा दिवसच टिकते. तेवढ्यात शोरूमची गाडी आली नाही, तर वाचलेल्या वॉरंटीचं काय करायचं? वाफसा गेला की पुढं भाड्यानं ट्रॅक्टर बोलवावा लागतो, अन् स्वतःची भाड्याची कामंही हातची जातात. हे नुकसान कोणत्याच बिलात दिसत नाही, पण खर्चात धरलंच पाहिजे.

डिझेल पंपाचं मात्र अंदाजानं काही करू नये. पंप अन् नोझल टेस्ट बेंचवर लावूनच सेट होतात. आवाज ऐकून स्क्रू फिरवला तर डिझेल जास्त लागतं अन् इंजिन तापतं.

नवी गाडी असेल तर गणित बदलतं. काही कंपन्या आता सहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. पण तिची अट असते : ठरलेल्या तासाला, ठरलेल्या ठिकाणी सर्व्हिसिंग, अन् पुस्तकावर शिक्का. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे बहुधा मजुरी माफ, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. हे गाडी घेतानाच विचारून घ्यावं. पन्नास तासांची पहिली सर्व्हिसिंग चुकवून नंतर गिअर बॉक्सचा क्लेम मागायला गेलं, तर हातात वाद तेवढा उरतो.

पुढं काय वाढून ठेवलं आहे?

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे 'ट्रेम ४' नियम लागले. त्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी कॉमन रेल अन् कंट्रोलर आले. बिघाड कुठं आहे हे सांगायला स्कॅनर लागतो, तो बहुधा शोरूमकडंच असतो. तालुक्यात जास्त गाड्या ५० एचपीच्या आतल्या आहेत, म्हणून हा त्रास अजून घरोघरी पोचला नाही. पण पुढच्या टप्प्याचे नियम लहान गाड्यांनाही कवेत घेणार आहेत. तेव्हा पान्हा घेऊन बसणाऱ्या गावच्या मिस्त्रीचं काय, हा प्रश्न आजच विचारायला हवा. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' अन् 'मेकॅनिक डिझेल' हे ट्रेड आहेत. गावच्या पोरांनी ते शिकावेत अन् त्यांना स्कॅनर मिळावा, तरच दुरुस्ती गावात टिकेल.

अमेरिकेत हे भांडण कधीच पेटलं आहे. कोलोरॅडो राज्यानं शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करायचा हक्क देणारा कायदा २०२३ मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं जॉन डिअर कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून दावा ठोकला. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात शेती अवजारंही घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. पण कायदा अजून झालेला नाही. त्याआधी, २०१४ मध्ये, सुटे भाग बाहेर मिळू न देणं अन् बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारणं या मुद्द्यांवर स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. ते प्रकरण पुढं कोर्टकचेरीत गेलं. ट्रॅक्टरवाल्यांसाठी तसं मोठं काही घडलं नाही.

आज हातात काय आहे?

एक साधी वही. तारीख, मीटरचे तास, काय बदललं, किती पैसे लागले. सोबत पक्कं बिल, अन् बदललेला जुना भाग परत मागून घेणं. शोरूमनं वॉरंटीतलं काम नाकारलं तर नकार लेखी मागावा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते अन् पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. शेतीसाठी, पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर घेणारा माणूस कायद्यानं ग्राहकच आहे. मात्र तिथं तोंडी सांगणं चालत नाही, कागद लागतो.

घरी करायचं ते रोज, मिस्त्रीचं ते वेळेवर अन् शोरूमचं ते पुस्तकाप्रमाणं, अशी वाटणी केली तर खर्च आटोक्यात राहतो. तिन्ही टाळले तर पैसे वाचत नाहीत, फक्त पेरणीच्या दिवसापर्यंत पुढं ढकलले जातात.