वृद्धाश्रमांतील रिकामे हात

दरवर्षीं नाताळची सुटी लागण्यापूर्वीं आमच्या शाळेचीं मुलें जवळच्या एका वृद्धाश्रमास भेट देण्यास जातात. भेटीचा क्रम ठरलेला असतो. दोन गाणीं, एक नक्कल, चार शब्दांचें भाषण, आणि शेवटीं प्रत्येकाच्या हातीं दोन केळीं व बिस्किटांचा एक पुडा. तासाभरानें आम्ही परत येतों आणि सत्कृत्य घडल्याच्या समाधानांत त्या रात्रीं सुखानें झोपतों. गेल्या भेटींत मात्र एका आजीबाईंनीं या समाधानास चांगलाच चिमटा काढिला. खाटेवर बसून, गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यांतून कापूस ओढून त्या मांडीवर वाती वळीत होत्या. पुढें केलेल्या केळ्यांकडे न पाहतांच त्या म्हणाल्या, "ठेवा तिकडं, गुरुजी. कापूस हाय का तुमच्यापाशी? गादी फाडती म्हणून बोलतेत मला."

ज्या परभणी जिल्ह्यांत मानवत-सेलूच्या बाजारांत हंगामांत कापसाचे ढीग लागतात, तेथें एका म्हातारीस मूठभर कापसासाठीं गादी उसवावी लागावी, याचें कारण दारिद्र्य खास नव्हे. तिला कापूस हवा असेल हें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. आमच्याही आलें नव्हतें.

सरकारच्याही तें आलेलें दिसत नाहीं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासंबंधीं २००७ सालीं जो कायदा झाला, त्याच्या १९ व्या कलमांत राज्य सरकारनें टप्प्याटप्प्यानें वृद्धाश्रम काढावे, त्यांचा आरंभ प्रत्येक जिल्ह्यांत निदान एकानें व्हावा, आणि त्यांत निदान १५० निर्धन वृद्धांची सोय असावी, अशी योजना आहे. आश्रमांत कोणत्या सोयी असाव्या हें ठरवितांना तेथें दोनच गोष्टींचें नांव घेतलें आहे: वैद्यकीय मदत व करमणूक. रोग्यास औषध हवें, मुलास करमणूक हवी, हें समजतें. परंतु ज्यानें पन्नास वर्षें नांगर धरिला, तो केवळ रोगीही नाहीं आणि मूलही नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं जन्मभर राबलेल्यांस आतां तरी बसूं द्या. हा आक्षेप दयाळू आहे, पण घरांतील म्हातारा माणूस खरोखर कसा बसतो हें तो विसरतो. खेड्यांत आजोबा ओसरीवर बसत, तेव्हां हातीं वळावयाचें दावें असे. आजी बसत, तेव्हां पुढ्यांत तुरीचें सूप नाहीं तर अर्धी टांचलेली गोधडी असे. आपल्याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईंची मूर्ति डोळ्यांपुढें आणूं गेलें तर जात्यावांचून ती येतच नाहीं. आश्रमांत आल्याबरोबर हें सगळें एका दिवसांत सुटतें. स्वयंपाक दुसरा करितो, झाडलोट तिसरा करितो. उरतें तें जेवणाच्या घंटेकडे कान लावून बसणें. सांधे आखडतात, दिवसां डुलकी व रात्रीं जागरण सुरू होतें, आणि मग गोळ्या वाढतात. पुरुषांची अवस्था अधिक बिकट असते, असें आम्हांस वाटतें. बायकांस निदान कोणाची भाजी निवडूं लागतां येतें. ज्याचें शेतच सुटलें त्यानें काय निवडावें?

कामानें माणूस सुधारतो हें नवें मत नव्हे. इंग्लंडांत यॉर्क येथें ट्यूक नांवाच्या क्वेकर गृहस्थांनीं १७९६ सालीं मनोरुग्णांसाठीं जें आश्रयस्थान उघडलें, त्यांत साखळदंडांऐवजीं बागेचें व शिवणाचें काम देत. आपल्याकडे हें शास्त्र रीतसर आणिलें तें कमला निंबकर यांनीं. जन्मानें त्या अमेरिकन व विवाहानें महाराष्ट्रीय. १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं व्यवसायोपचाराचें देशांतील पहिलें विद्यालय सुरू केलें.

या शास्त्रांत 'कांहीं तरी चाळा देणें' बसत नाहीं. उपचारक प्रथम माणूस पूर्वीं काय करीत असे तें विचारतो. मग हात कोठवर उचलतो, बोटें कितपत मिटतात, किती वेळ बसवतें हें पाहतो. आणि काम त्या माणसाच्या बेताचें करून देतो. मूठ पुरती मिटत नसेल तर खुरप्याच्या मुठीवर चिंध्या गुंडाळून ती जाड करावयाची. अर्धांगानें एक हात लुळा पडला असेल तर त्याच्याखालीं कापड दाबून दुसऱ्या हातानें टांका घालावयाचा. वाकवत नसेल तर वाफा कमरेइतक्या उंच ओट्यावर करावयाचा. स्मृति गेलेल्यांसही हजारदां केलेलें काम पुष्कळदां हातांत राहिलेलें असतें. आजचा वार सांगतां न येणारी बाई तांदळांतला खडा मात्र नेमका काढते.

पण काम कोणाच्या तरी उपयोगीं पडलें पाहिजे. बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं वरोऱ्याजवळ सहा कुष्ठरोगी बरोबर घेऊन आनंदवन वसविलें. त्या माणसांनीं विहीर खणली, शेतें केलीं, भाजी पिकविली. पुढें वरोऱ्याच्या मुलांकरितां महाविद्यालयाची इमारत उभारण्यासही त्यांचेच हात लागले. ज्यांस समाजानें बाहेर घातलें होतें, त्यांच्याकडून समाज कांहीं घेऊं लागला. आम्ही वृद्धाश्रमांत जातों तें मात्र केवळ देण्यास. घेत कांहींच नाहीं.

येथें एक भय आहे, तें लपवून ठेवीत नाहीं. काम हें औषध आहे असें एकदां आश्रमचालकांस पटलें, म्हणजे उद्यां भांडीं घासणारी बाई कमी होऊन तीं भांडीं आजीबाईंपुढें यावयाचीं. म्हणून नको म्हणण्याचा हक्क आधीं हवा, आणि वस्तु विकली गेली तर पैसा करणाऱ्याच्या हातीं पडावा. कांहींस खरोखरच निवांत बसावयाचें असतें. त्यांस बसूं द्यावें.

यंदाच्या भेटीविषयीं वर्गांत बोलणें निघालें, तेव्हां मुलांनीं आपल्या गरजांची यादी केली. वाचनालयांतील बऱ्याच पुस्तकांच्या शिवणी उसवल्या आहेत. रोपांसाठीं पिशव्या भरावयाच्या आहेत. बालवीर पथकांतील मुलें दोराच्या गांठी पुस्तकांतील चित्रें पाहून शिकतात, दोर वळणें तर एकासही येत नाहीं. आणि त्या आश्रमांत दावीं वळण्यांत आयुष्य घालविलेले तीन आजोबा भिंतीला टेकून बसले आहेत. केळ्यांविषयीं मतभेद झाला. न्यावीं, पण शेवटीं द्यावीं, असें ठरलें. कापूस एका विद्यार्थ्याच्या शेतांतून येणार आहे. सरकी काढूं नको, असें त्यास बजावलें आहे. ती काढणें हेंही आजीबाईंचें काम आहे.