बालनटाचें पुढें काय?

लहान मुलांना दूरचित्रवाणीवरील मालिकांत कामें करूं द्यावीं कीं नाहीं, या प्रश्नावर आमच्या नाशकांतील सुशिक्षित घरांतून हल्लीं जो वाद चालतो, त्यांत एक उत्तर अगदीं ठरून गेलेलें आहे. कोणी शंका काढली कीं लगेच विचारण्यांत येतें, मास्तर कृष्णराव लहानपणीं नाटकमंडळींत नव्हते काय? त्यांचें काय बिघडलें? उलट केवढे संगीतकार झाले! एवढें बोलून झालें कीं आईबाप मुलाला घेऊन निवड-चांचणीसाठीं पंचवटी एक्स्प्रेसनें मुंबईस जाण्यास मोकळे होतात. थोरांचें नांव घेऊन आपली हौस भागविण्याचा हा प्रकार आम्हांस मान्य नाहीं. आणि ज्या चरित्राचा दाखला देण्यांत येतो, तेंच चरित्र या मंडळींच्या विरुद्ध साक्ष देतें, असें आमचें म्हणणें आहे.

कृष्णा गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ सालीं आळंदी येथें झाला. बालवयांतच ते नाट्यकलाप्रवर्तक मंडळींत दाखल झाले आणि आपल्या गोड गळ्यानें त्यांनीं प्रेक्षकांस मोहून टाकलें, हें खरें. पण आमचे मित्र चरित्र एवढेंच वाचतात आणि पान मिटतात. पुढच्या पानावर भास्करबुवा बखले आहेत. १९११ च्या सुमारास कृष्णराव बुवांच्या हाताखालीं आले, आणि १९२२ सालीं बुवा निवर्तले तोंवर तालमीचा धागा सुटला नाहीं. बुवांच्या पश्चात् गंधर्व नाटक मंडळीच्या ‘मेनका’, ‘कान्होपात्रा’, ‘अमृतसिद्धि’ यांसारख्या नाटकांना त्यांनीं चाली दिल्या. प्रभात कंपनींत ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) या बोलपटांचें संगीत त्यांनीं केलें. १९४२ सालीं ‘कुलवधू’नें संगीत रंगभूमीला नवें वळण लागलें, त्यांतहि चाली त्यांच्याच. १९७१ मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें आणि १९७४ मध्यें त्यांचा अंत झाला. या दीर्घ आयुष्यांत बालनटाचीं वर्षें किती आणि शिष्याचीं किती, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

खुद्द भास्करबुवांची हकीकत याहून बोधप्रद आहे. तेहि लहानपणीं किर्लोस्कर नाटक मंडळींत होते आणि त्यांच्या गळ्यावर लोक लुब्ध होते. पुढें वयाप्रमाणें गळा फुटला. ज्या गळ्यासाठीं मंडळींत मान होता, तो गळाच गेल्यावर मान कोठून राहणार? बुवांनीं मंडळी सोडली आणि बडोद्यास फैजमहंमदखां यांच्या पायाशीं बसून पहिल्यापासून गाणें शिकण्यास आरंभ केला; पुढें नथ्थनखां, अल्लादियाखां यांची विद्या त्यांनीं मिळविली. त्या तपश्चर्येंतून जो गवई निघाला, त्यानें ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली बांधल्या. मंडळीला हवा होता तो बालनट गळ्याबरोबर संपला. महाराष्ट्राला लाभला तो भास्करबुवा खांसाहेबांच्या घरीं जन्मास आला. रंगभूमीनें त्यांस घडविलें असें म्हणणें म्हणजे ज्या घरानें पोराला बाहेर काढलें, त्या घराला त्याच्या पराक्रमाचें श्रेय देणें होय.

आम्ही जुन्या नाटकमंडळ्यांचे भाट नाहीं. तेथें मुलांची शाळा सुटे, आई दुरावे, मुक्काम हलला कीं बिऱ्हाड पाठीवर येई. आणि किती मुलें गळा फुटल्यावर कोठें नाहींशीं झालीं, याची नोंद कोणी ठेवली नाहीं. आपण नांवें घेतों तीं तरून गेलेल्यांचीं. परंतु एवढें मात्र कबूल केलें पाहिजे कीं, मंडळींतल्या मुलाच्या कानावर अष्टौप्रहर चांगलें गाणें पडे. पेटीवाला, तबलजी, मुख्य नट, तालीममास्तर यांच्या सहवासांत तो वाढे. कृष्णरावांच्या मंडळींत सवाई गंधर्वांसारखा गवई होता. दूरचित्रवाणीच्या चित्रणगृहांत मुलाच्या कानावर काय पडतें? त्या दिवसाचे संवाद हातीं येतात, ते घोकावयाचे, दिव्यांपुढें म्हणावयाचे आणि विसरावयाचे. तेथें मुलाचा चेहरा हवा असतो; त्याची विद्या कोणी मागत नाहीं, म्हणून ती कोणी देतहि नाहीं.

चेहऱ्याची ही मागणी आजची नव्हे, आणि तिचा इतिहास आमच्याच गांवाशीं जडलेला आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्यांत रोहिदासाचें काम त्यांचा मुलगा भालचंद्र यानें केलें. पुढें कारखाना नाशकास आला, आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्यें त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्राचा बराच भाग सुदैवानें उरला आहे, आणि ज्यानें तो पाहिला त्याला त्या मुलीची प्रसन्न मुद्रा विसरतां येणार नाहीं. पण चित्राचा धर्मच असा कीं तें बालपण टिकवितें, मूल मात्र वाढत जातें. पडद्यावरचा कृष्ण शंभर वर्षें सहा-सात वर्षांचाच राहिला. घरांतलें मूल तसें राहत नाहीं. मालिकेंतल्या मुलाला ओठावर लव आली कीं लेखक त्याला परगांवीं शिकावयास पाठवितो आणि प्रेक्षक आठ दिवसांत त्याला विसरतात. खऱ्या मुलाला मात्र पुढचीं साठ वर्षें काढावयाचीं असतात.

यावर ‘लिट्ल चॅम्प्स’चा दाखला पुढें येईल. तोहि आम्ही नाकारीत नाहीं. २००८-०९ मध्यें गाजलेल्या त्या पांच मुलांनीं पुढें गाणें सोडलें नाहीं, आणि २०२१ मध्यें तींच पांच त्या कार्यक्रमाच्या परीक्षकांच्या जागीं बसलीं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कार्तिकी गायकवाड काय किंवा आर्या आंबेकर काय, त्यांच्या घरीं गाणें आधींच नांदत होतें आणि शिकविणारें माणूस घरांतच होतें. दूरचित्रवाणीनें त्यांस प्रसिद्धि दिली. विद्या त्यांनीं घरून नेली होती. रिकामें भांडें घेऊन जो तेथें जाईल, तो रिकामेंच भांडें, फार तर चकचकीत करून, परत आणील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरची गरजच तशी असेल तर? १९४२ सालीं दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हां लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षीं ‘पहिली मंगळागौर’मध्यें त्यांना काम करावें लागलें. अशा घराला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. परंतु हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, वडिलांची तालीम त्यांच्या गळ्यांत आधींच होती, आणि मुंबईस आल्यावर अमानअलीखां भेंडीबाजारवाले यांच्याजवळ त्यांनीं शिक्षण पुढें चालविलें. अभिनयानें घर चाललें, पण जीव जडला तो गाण्यावर. पुढें ‘आनंदघन’ या नांवानें ‘साधी माणसं’ (१९६५) सारख्या चित्रपटांना त्यांनीं ज्या चाली दिल्या, त्या या दुहेरी तालमीचें फळ होत. आणि खरें बोलावयाचें तर, आज नाशकाहून मुंबईस मुलें नेणाऱ्यांत पोटासाठीं जाणारे किती आणि मिरविण्यासाठीं जाणारे किती?

कायदा काय करतो? २०१६ मध्यें बालकामगार कायदा सुधारला आणि २०१७ च्या नियमांनीं चौदा वर्षांखालील कलावंत मुलांसाठीं मर्यादा घातल्या. दिवसास पांच तासांहून अधिक काम नाहीं, विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक नाहीं, लागोपाठ सत्तावीस दिवसांहून अधिक नाहीं. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी. मिळकतीचा निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेंत मुलाच्या नांवें ठेवावयाचा. शाळा बुडूं द्यावयाची नाहीं. नियम चांगले आहेत, आणि ते अक्षरशः पाळले जावेत असा आग्रह पालकांनींच धरला पाहिजे. पण कायदा मुलाचे तास मोजील, पैसे मोजील. त्याला गुरु कोठून देईल?

तें काम घराचें आहे. म्हणून आमचें मागणें पालकांजवळ आहे, आणि तें थोडकें आहे. मुलाच्या अंगीं कला दिसली तर प्रथम शिक्षक शोधावा, मग चित्रणगृह. नाशकांत तो मिळणार नाहीं ही सबब आम्ही ऐकून घेणार नाहीं. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं ज्या गांवीं उत्तरायुष्यांत आश्रम उभारला आणि जेथें दत्तात्रेय पलुस्कर जन्मले, त्या गांवांत गाणें शिकविणारें माणूस आजहि सांपडतें. ज्या करारानें रोजची मेहनत बुडते त्यावर सही करूं नये. आणि गळा फुटण्याचीं दोन-तीन वर्षें मुलाला कोणापुढेंहि उभें न करतां शांतपणें शिकूं द्यावें. भास्करबुवा त्याच वर्षांत गेले असते किंवा झाले असते, आणि ते झाले.

मास्तर कृष्णरावांचें नांव ज्यांस घ्यावयाचें असेल त्यांनीं खुशाल घ्यावें. मात्र त्याच श्वासांत, आमच्या मुलाचा भास्करबुवा कोण, याचें उत्तरहि द्यावें. तें देतां येत नसेल तर निदान त्या थोर पुरुषाला आपल्या हौसेचा जामीन करूं नये.