झाड मध्ये आलं की...

डिस्क गॉल्फ म्हणजे चेंडूऐवजी चकती, आणि भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, बस्स. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिकने पहिला कायमचा कोर्स आखला. आज अमेरिकेत असे कोर्स बहुतेक सार्वजनिक बागांत आहेत आणि बरेचसे फुकट आहेत. 'फुकट' म्हटल्यावर आपण देशी मंडळी जाणारच :-)

पिओरियाजवळच्या मॉर्टन गावात नॉर्थवुड पार्क आहे. तिथला 'ब्लॅक' कोर्स दाट झाडीतला. अशा कोर्सवर एक तक्रार हमखास ऐकू येते: "ह्यात कौशल्य कसलं? लॉटरी आहे नुसती. खोडावर आपटली की चकती कुठेही जाते."

मला हे अजिबात पटत नाही. साधं गणित करा. मोकळ्या मैदानात तीनशे फुटांची फेक पाच अंशांनी चुकली, तर चकती टोपलीपासून सव्वीसेक फुटांवर पडते. पुढची फेक साखळीत जाऊ शकते, म्हणजे चूक माफ! जंगलात तीच पाच अंशांची चूक साठ फुटांवरच पाच फुटांची होते, आणि तिथे ओक उभा असतो. आपटल्यावर चकती कुठे गेली हे नशीब, कबूल. पण आपटली ती नशिबाने नव्हे.

शिवाय उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वेग ओसरला की डावीकडे कलते. वेगवान ड्रायव्हर तर फारच. म्हणून झाडीत जाणकार माणूस पिशवीतून संथ, सरळ जाणारा पटर काढतो, दोनशे फूट जातो आणि पुढच्या फेकीसाठी मोकळी जागा मिळवतो. दंडात जोर असलेल्या पोरांना हे फार जड जातं. मग मागणी येते, वाट रुंद करा, दोन-चार झाडं पाडा. कुणी तर गुपचूप करवत आणून फांद्या उतरवतो. याचा मला खरंच राग येतो.

कारण झाडं तशीही जातायत. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या हिरव्या भुंग्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली. जिथे अ‍ॅश होते तिथल्या वाटा न मागताच रुंद झाल्या. त्यात आमची भर: टीसमोरच्या खोडांची साल चकत्यांनी सोलवटते, पायांनी माती झिजून मुळं उघडी पडतात. आणखी करवत कशाला?

काही कोर्सवर टीजवळच्या खोडांभोवती फळ्या बांधतात. मला तो खर्च योग्य वाटतो. फक्त फळीवर चकती आपटली की आवाज दुप्पट येतो, आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं खुशाल हसतात.