भरपाई बापाची, पण बुडालेला पगार लेकरांचाही होता



"अपघाताचे पैसे म्हणजे त्याच्या रक्ताचे पैसे, त्यावर कुणी डोळा ठेवू नये." वेगळ्या राहणाऱ्या जोडप्याच्या मुलांच्या पोटगीचा विषय निघाला की समाजातली वडीलधारी मंडळी हे वाक्य हमखास ऐकवतात. ऐकायला दयाळू वाटते, हिशेबाला टिकत नाही.

मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवते तेव्हा उपचाराचा खर्च वेगळा धरते, वेदनांचा वेगळा, पुढच्या औषधपाण्याचा वेगळा आणि कायमच्या अपंगत्वामुळे बुडणाऱ्या कमाईचा वेगळा. समजा, १२ लाख मिळाले. त्यात ३ लाख दवाखान्याचे, १ लाख वेदनांचे आणि ८ लाख बुडणाऱ्या कमाईचे. पहिल्या चार लाखांना कुणी हात लावावा असे मी म्हणत नाही, ते त्या जखमी जिवाचेच. पण आठ लाख म्हणजे काय? पुढच्या वर्षांचा पगारच, एकदम हातात आलेला. तो दरमहा आला असता तर त्यातून मुलांची फी निघालीच असती. मग एकरकमी आला म्हणून मुलांचा हक्क कसा संपतो?

कायद्याचे शब्द पाहा. पूर्वीचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. त्यात नुसत्या पगाराची अट नाही, 'पुरेशी साधने' असलेल्या माणसाची गोष्ट आहे. बँकेतली ठेव आणि तिचे व्याज हे साधन नाही तर काय? १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, आणि त्यातही मुलांना सांभाळणे बंधनकारक आहे.

खरी चीड येते ती दोन तोंडांची. न्यायाधिकरणात भरपाई वाढावी म्हणून "माझी कमाई चांगली होती" आणि कौटुंबिक न्यायालयात "माझी कमाई कधी नव्हतीच". दोन्ही खरे कसे असेल?

अपंगत्वाने बापाची परिस्थिती खरोखर खालावली असेल, तर पोटगी कमी करून मागायला कलम १४६ आहे. पण किती कमी करायची हे न्यायालय ठरवेल. परस्पर पैसे बंद करणे म्हणजे लेकरांच्या ताटातले काढून घेणे.

म्हणून, ज्या बहिणीवर ही वेळ आली आहे तिने भिडेखातर गप्प बसू नये. २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालापासून पोटगीच्या खटल्यात दोन्ही बाजूंना मिळकत आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात भरपाईची रक्कम दाखवली आहे का ते बघा. अपघाताच्या दाव्याचा अर्ज आणि निवाडा यांची प्रमाणित नक्कल वकिलामार्फत मागवा. लोकअदालतीत तडजोड होऊन एकच ठोक आकडा लिहिला असेल, तर मूळ अर्ज जास्तच मोलाचा. कमाई किती बुडाली, हे त्यात त्यानेच लिहिलेले असते.